सहाव्या महिन्यानंतरचे अन्न: सिकलसेलग्रस्त बालक आणि त्याच्या मातेचे शिक्षण

जन्माच्या वेळी बालकाच्या रक्तातील बहुतांश हिमोग्लोबिन गर्भावस्थेतील प्रकारचे असते. पुढे ते हळूहळू ओसरते आणि पहिल्या सहा महिन्यांत त्याची जागा बव्हंशी प्रौढ प्रकारचे हिमोग्लोबिन घेते. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार घेऊन आलेले मूल पहिले काही महिने इतर मुलांसारखेच अंग धरते, ते या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच्या आडोशामुळे. हा आडोसा विरू लागला की हातापायांची बोटे सुजणे, वारंवार ताप येणे, चेहरा फिका पडणे, डोळे पिवळसर दिसणे अशी लक्षणे दिसू लागतात. नेमक्या याच वयात मातेच्या दुधाला जोड म्हणून वरचे अन्न सुरू झालेले असते. या दोन घटना एकाच वेळी घडतात एवढाच त्यांचा संबंध असला, तरी घरातील माणसांना त्यांत कार्यकारणभाव दिसतो. खिचडी बाधली, अंडे उष्ण पडले, केळ्याने सर्दी झाली असे निष्कर्ष निघतात आणि एकेक पदार्थ मुलाच्या वाटीतून काढून घेतला जातो. म्हणूनच अशा मुलाच्या पोषणाविषयी मातेला काही शिकवायचे असेल, तर प्रारंभ पौष्टिक पदार्थांच्या यादीपासून करून भागत नाही. मुलाच्या शरीरावर दिसणाऱ्या खुणांचा अर्थ लावण्यापासून तो करावा लागतो.

या खुणांच्या मुळाशी एक अतिशय छोटा रासायनिक बदल आहे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या विकारातील हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असल्याचे दाखवले, आणि १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी हा वेगळेपणा नेमका कोठे आहे ते शोधले: हिमोग्लोबिनमधील बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल आलेले असते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दिल्यावर एकमेकांना चिकटते, त्याचे ताठ धागे बनतात आणि एरवी गोल व लवचिक असणारी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेव्हा त्या भागाचा रक्तपुरवठा खुंटून तीव्र वेदना होतात. शिवाय त्या लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर ही पेशी जेमतेम १० ते २० दिवस. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तरच मूल ग्रस्त होते. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतील बोलण्यात अशा मुलाला ‘एसएस’ म्हणतात आणि एकच जनुक असलेल्या, सहसा कोणताही त्रास नसलेल्या वाहकाला ‘एएस’.

महाराष्ट्रात हा विकार प्रामुख्याने विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती या जिल्ह्यांत आणि उत्तरेकडे नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात आढळतो. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही आदिवासी समूहांत वाहकांचे प्रमाण २०% च्या आसपास किंवा त्याहूनही अधिक नोंदले गेले आहे, आणि विदर्भातील अनुसूचित जातींमध्येही तो मोठ्या प्रमाणावर दिसतो. भारतातील या जनुकाबरोबर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन काहीसे अधिक प्रमाणात टिकून राहते, त्यामुळे आफ्रिकेच्या तुलनेत येथील आजार सौम्य असतो असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु विदर्भातील मुलांच्या अभ्यासांतून हा सौम्यपणा सरसकट गृहीत धरता येत नाही हे स्पष्ट झाले आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी झाली, तिच्या निकालाचे कार्ड हाती आले, की त्यानंतरच्या रोजच्या जगण्याचा भार मात्र स्वयंपाकघरावर, म्हणजे बहुधा एकट्या मातेवर येतो.

या मुलाला अन्न अधिक का लागते, हे पेशीच्या अल्पायुष्यावरूनच समजते. दर पंधरा-वीस दिवसांनी जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी नव्याने घडवायच्या असल्यामुळे हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा, जिथे रक्त तयार होते, ती अहोरात्र राबत असते. रक्त पातळ असल्यामुळे हृदयालाही अधिक वेगाने काम करावे लागते. आणि शरीरातील प्रथिनांची मोडतोड व बांधणी या दोन्हींचा वेग वाढलेला असतो. परिणामी विश्रांतीच्या अवस्थेतही अशा मुलाचा ऊर्जाव्यय निरोगी मुलापेक्षा अधिक असल्याचे, काही अभ्यासांत तर सुमारे एकपंचमांशाने अधिक असल्याचे, आढळले आहे. दुसऱ्या बाजूला वेदनेचा झटका, म्हणजे वैद्यकीय भाषेतील ‘क्रायसिस’, आला की भूक मरते. झोपून राहिलेले मूलही भरपूर ऊर्जा खर्च करत असते ही गोष्ट सामान्य अनुभवाच्या विरुद्ध जाणारी आहे, आणि म्हणूनच ‘दिवसभर पडूनच तर आहे, त्याला कशाला भूक लागेल’ या वाक्याला उत्तर देणे हा पोषणशिक्षणाचा एक मोठा भाग ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे मातेचे दूध सरासरी प्रमाणात मिळणाऱ्या निरोगी बालकाला ६ ते ८ महिन्यांच्या वयात वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २००, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि १२ ते २३ महिन्यांत ५५० किलोकॅलरी मिळाव्या लागतात. सिकलसेलग्रस्त मुलाचा हिशेब यापुढे सुरू होतो. अडचण अशी की वर्षाच्या आतल्या मुलाचे पोट एका वेळी एका लहान वाटीहून फारसे अधिक घेऊ शकत नाही, आणि आपल्याकडे त्या वाटीत जी तांदळाची पेज किंवा वरणाचे पाणी पडते, त्यात पाणीच फार असते. पोट भरते, मूल शांत होते, आईचेही समाधान होते, पण ऊर्जा मिळत नाही. डाळीचे सत्त्व वरच्या पाण्यात उतरते हा समज तर सुशिक्षित शहरी घरांतही पक्का आहे. प्रत्यक्षात ते तळाच्या डाळीत राहते आणि ती डाळ मोठ्यांच्या ताटात जाते. मातेला शिकवण्याजोगा पहिला बदल म्हणूनच नवा पदार्थ आणण्याचा नसून आहे तोच पदार्थ दाट करण्याचा आहे: चमच्यावरून ओघळून जाणार नाही इतका मऊ भात-वरणाचा गोळा, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, वर भाजलेल्या शेंगदाण्याचे किंवा जवसाचे बारीक कूट. पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर तेलातून सुमारे ४५ किलोकॅलरी मिळतात; सहा-सात महिन्यांच्या मुलाच्या पूरक आहारातील अपेक्षित ऊर्जेचा तो जवळजवळ पाचवा हिस्सा झाला.

दाट अन्न लहान मुलाला गिळता येत नाही, ही मातांची तक्रार खरी असते आणि तिचे उत्तर मराठी स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून आहे. नाचणी किंवा गहू भिजवून, मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळले की त्यात अमायलेज हे विकर, म्हणजे स्टार्चचे विघटन करणारे प्रथिन, तयार झालेले असते. त्याचे चमचाभर पीठ गरम पण उकळत नसलेल्या घट्ट लापशीत मिसळले तर लापशी पाणी न घालताच सैल होते. वडोदऱ्यातील आहारतज्ज्ञ तारा गोपालदास यांनी या गुणाचा बालआहारासाठी पद्धतशीर अभ्यास केला. मोड आणण्याचा आणखी एक फायदा या मुलांना विशेष उपयोगी आहे. धान्य व डाळींतील फायटेट हे द्रव्य जस्त आणि लोह यांना बांधून ठेवते आणि आतड्यात शोषू देत नाही. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे या क्रियांनी ते कमी होते. सिकलसेलमध्ये जस्त लघवीवाटे अधिक प्रमाणात बाहेर पडते आणि त्याच्या कमतरतेचा संबंध खुंटलेल्या वाढीशी व जंतुसंसर्गाशी जोडला गेला आहे, म्हणून मोड आलेली मटकी, आंबवलेली आंबील, अंडे, बोडीतले म्हणजे गावच्या लहान तळ्यातले मासे या साध्या गोष्टींचे मोल येथे वाढते. राज्याच्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. ती ग्रस्त मुलाच्या पोटात जातात की घरातील सर्वांत वाटली जातात, एवढे विचारले तरी आहाराचे निम्मे चित्र समजते.

मात्र या सर्व बेतावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे काविळीचे पथ्य. फुटलेल्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते. पेशी सतत फुटत असल्यामुळे ते साचून सिकलसेलग्रस्त मुलाचे डोळे बहुतेक वेळा थोडे पिवळसर असतात. घरातील अनुभवी माणूस त्याला कावीळ म्हणतो, आणि वैद्यकीय अर्थाने ती कावीळच असते. पण दूषित पाण्यातून होणारी यकृताची कावीळ वेगळी आणि ही वेगळी. पहिली काही आठवड्यांत बरी होते, दुसरी कमी-अधिक होत राहते. पहिल्या काविळीसाठी रूढ असलेले पथ्य, म्हणजे तेल-तूप बंद, हळद बंद, डाळ व अंडी बंद, केवळ मऊ भात, ताक आणि उसाचा रस, तिच्यातही आजच्या वैद्यकाला फारसे मान्य नाही. दुसऱ्या काविळीत मात्र ते सरळ उपासमारीकडे नेते, कारण डोळ्यांचा पिवळेपणा जात नाही तोवर पथ्य सुटत नाही आणि पिवळेपणा तर जाणारच नसतो. कावीळ उतरावी म्हणून गळ्यात माळ घातलेल्या मुलाच्या आईला ती अंधश्रद्धा आहे असे सुनावल्याने काही साधत नाही, उलट ती पुन्हा आरोग्य केंद्राकडे फिरकत नाही. माळ राहू द्यावी, तेल मात्र सुरू करावे, असा व्यवहारी समझोता अनेकदा अधिक उपयोगी पडतो. अर्थात पिवळेपणा एकाएकी वाढला, लघवी गडद लाल किंवा काळपट झाली, पोटात दुखू लागले, तर ती दवाखान्यात जाण्याची वेळ असते, हाही याच धड्याचा भाग आहे.

लोहाचा धडा आणखी नाजूक आहे, कारण येथे शासकीय आरोग्यशिक्षणाचाच सर्वांत परिचित संदेश अडचणीत येतो. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण आशा व अंगणवाडी सेविकांनी वर्षानुवर्षे घरोघरी पोहोचवले आणि ते बहुसंख्य मुलांच्या बाबतीत बरोबरही आहे. सिकलसेलमध्ये मात्र रक्त कमी असते ते पेशी फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशीतील बरेचसे लोह शरीरात परत वापरले जाते, आणि वारंवार रक्त द्यावे लागलेल्या मुलात तर प्रत्येक पिशवीबरोबर नवे लोह येऊन ते यकृतात व हृदयात साठण्याचा धोका असतो. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचे सिरप दिले जाते. हिमोग्लोबिनचा विकार ठाऊक असलेल्या किंवा वारंवार रक्त घेतलेल्या मुलांना ते सरसकट देऊ नये, असे त्याच कार्यक्रमात सांगितलेले आहे. याचा अर्थ या मुलांना लोहाची कमतरता होतच नाही असा नाही. गरीब घरातील, जंत झालेल्या, माती खाणाऱ्या मुलात दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचे निदर्शक प्रथिन, रक्तात किती आहे हे तपासल्यावरच डॉक्टर त्याचा निर्णय करू शकतात. मातेपर्यंत पोहोचवायचा भेद इतकाच: लोहाचे औषध विचारल्याशिवाय नको, पालेभाजी मात्र बंद करायची नाही. हा भेद नीट न सांगितल्याने ‘सिकलवाल्याला पालेभाजी चालत नाही’ असा उलटा समज घर करतो, आणि मग शेवगा, मेथी, चवळी, तरोटा यांबरोबर त्यांतील फोलेटही जाते.

फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व नव्या पेशी घडवण्यासाठी लागते, आणि पेशींची घडण अखंड चालू असल्यामुळे येथे ते लवकर संपते. डॉक्टर सहसा फॉलिक आम्लाची गोळी त्यासाठीच देतात. पालेभाजी व कडधान्ये यांतील फोलेट फार शिजवल्याने आणि शिजवलेले पाणी ओतून दिल्याने नष्ट होते. ब१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसते, म्हणून शाकाहारी घरात दूध-दह्याकडे लक्ष द्यावे लागते. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता या मुलांत वारंवार आढळते, तेव्हा सकाळचे अंगणातले ऊन वाया घालवू नये.

पाण्याचा विषय मात्र इतक्या थोडक्यात आटोपता येत नाही. मूत्रपिंडाचा आतला भाग मुळातच कमी प्राणवायूचा आणि खारट असतो. तेथे पेशी सहज वाकड्या होतात आणि लहान वयातच त्या भागाची लघवी घट्ट करण्याची शक्ती क्षीण होते. निरोगी मूल पाणी कमी पडले की थोडी आणि गडद पिवळी लघवी करून शरीरातले पाणी राखते. सिकलसेलग्रस्त मुलाला हे साधत नाही, शरीर कोरडे पडत असतानाही त्याची लघवी भरपूर आणि फिकी राहू शकते. त्यामुळे ‘लघवी पिवळी झाली की पाणी प्यावे’ हा शाळेत शिकवला जाणारा नियम येथे दगा देतो. याच कारणाने अशी मुले बराच मोठा काळ रात्री अंथरूण ओले करतात. रोज सकाळी गोधडी धुवावी लागणारी आई संध्याकाळनंतर पाणी बंद करते, मुलाला रागावते, कधी मारतेही, आणि रात्रभर पाण्यावाचून राहिलेल्या रक्तात पेशी वाकड्या होण्यास अनुकूल स्थिती तयार होते. अंथरूण ओले होणे हा मुलाचा आळस किंवा हट्ट नसून मूत्रपिंडाचा दोष आहे हे एकदा समजले, की आईचा रागही उतरतो आणि पाणीही सुरू राहते. गोधडीखाली प्लास्टिकचा कागद घालणे आणि रात्री एकदा मुलाला उठवणे हा उपाय पाणी तोडण्यापेक्षा केव्हाही बरा. दहा किलो वजनाच्या मुलाला दूध, ताक, पेज, पाणी सर्व धरून दिवसाला साधारण एक लिटर द्रव लागतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात, तापात किंवा जुलाबात त्याहून अधिक. ते पाणी तहान लागण्याची वाट न पाहता, ठरावीक वेळी, ठरावीक पेल्याने द्यावे. सहा महिन्यांखालील बालकाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. त्याला दूध अधिक वेळा पाजणे हेच पाणी देणे होय.

माता शिकून काय साधू शकते, याचा सर्वांत भक्कम पुरावा जमैकातून आला आहे, जरी तो आहाराविषयीचा नाही. किंग्स्टन येथे जून १९७३ ते डिसेंबर १९८१ या काळात ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,००,००० नवजात बालकांची तपासणी करून ग्रस्त मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. या आजारात प्लीहा, म्हणजे बोलीतील पाणथरी, कधी कधी काही तासांत फुगते, शरीरातले रक्त तिच्यात अडकून पडते आणि मूल दगावते. मातांना डाव्या बरगडीखाली हात ठेवून पाणथरी चाचपायला शिकवल्यानंतर या घटनांची नोंद वाढली, कारण त्या ओळखल्या जाऊ लागल्या, आणि मृत्यूचे प्रमाण दर १०० घटनांमागे सुमारे २९ वरून ३ वर आले. या यशात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मातांना प्लीहेची रचना शिकवलेली नव्हती. हात कोठे ठेवायचा आणि काय लागले तर धावत यायचे, एवढेच शिकवले होते.

पोषणशिक्षणाचे पुष्कळ उपक्रम नेमके येथे चुकतात. व्याख्यान होते, तक्ते दाखवले जातात, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली जाते आणि मातांचे गुण वाढल्याचा निष्कर्ष निघतो. गुण वाढणारच, अर्ध्या तासापूर्वी सांगितलेलेच विचारलेले असते. मुलाचे वजन वाढले का, दंडाचा घेर वाढला का, संध्याकाळचे पाणी सुरू झाले का, हे प्रश्न तीन महिन्यांनी विचारावे लागतात आणि तोवर उपक्रम बहुधा संपलेला असतो. त्यापेक्षा मातेने काल सकाळपासून रात्रीपर्यंत मुलाला काय दिले ते तिच्याच वाटीच्या मापाने सांगावे, त्यातली एकच गोष्ट बदलण्याचे ठरावे, ती तिने तेथेच करून दाखवावी आणि ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगावे, ही पद्धत संथ असली तरी चुलीपर्यंत पोहोचते. हे सांगणे माडिया, कोरकू, पावरी अशा तिच्या बोलीत झाले तर उत्तमच. ‘संतुलित आहार’ हा शब्द प्रमाण मराठीतही कोणाच्या ताटात दिसत नाही.

शिकवायचे केवळ मातेला की घराला, हाही प्रश्न आहे. दिवसभर मजुरीला जाणाऱ्या आईच्या मुलाला दुपारी भरवते ती आजी किंवा आठ-दहा वर्षांची बहीण. तेल आणायचे की नाही हे ठरवतो बाप. शिवाय आजार दोघांकडून आलेला असूनही दोष आईच्या माहेराला दिला जातो, आणि स्वतःलाच अपराधी समजणारी बाई घरात मुलासाठी चमचाभर जास्त तेल मागू शकत नाही. त्यामुळे दोघांचेही ‘एएस’ असणे सासू-सासऱ्यांसमोर समजावून सांगणे हे आहारशिक्षणाच्या बाहेरचे काम मानता येत नाही.

आणि हे घरही वर्षभर एका जागी राहतेच असे नाही. दिवाळीनंतर नंदुरबारमधील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. तेथे अंगणवाडीची नोंदवही बरोबर येत नाही, थंडीतल्या पहाटे तोडणी सुरू होते आणि थंडी ही या आजारात वेदना चाळवणारी गोष्ट आहे. निघण्यापूर्वीच्या भेटीत आईबरोबर गाठोडे बांधून पाहणे म्हणूनच उपयोगाचे ठरते: सिकलसेलचे कार्ड आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या, मोड आणून भाजलेल्या पिठाचा डबा, शेंगदाण्याचे कूट, मुलाचा स्वतंत्र पेला, झाकणाची पाण्याची बाटली, लोकरीचे टोपडे. आणि ताप आल्यास त्याच दिवशी गाठायचे, तोडणीच्या तळाजवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून निघण्याआधीच विचारून घ्यायचे असते.